शेततळ्यातील माशांचे आजार : आधी पाणी तपासा, मग औषध द्या



कोरडवाहू भागात संरक्षित पाण्यासाठी शेततळे ही आता गरज झाली आहे. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाल्यानंतर राज्यात अशा तळ्यांची भर पडली. त्याच पाण्यात कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस यांची बोटुकली सोडून जोड उत्पन्न घेणारे शेतकरीही वाढले. पाणी पिकाला आणि मासा बाजाराला, असा हा दुहेरी फायदा आहे. परंतु पीक रोगाला बळी पडले तर आपल्याला चार दिवस आधी पान सांगते. मासा पाण्याखाली असतो. तो दिसतो तेव्हा बहुधा उलटा होऊन तरंगत असतो. अशा वेळी घाबरून हाताला येईल ते, म्हणजे चुना, परमँगनेट, जनावरांच्या प्रतिजैविकाची पुडी किंवा फवारणीचे औषध तळ्यात टाकले जाते. त्यामुळे वाचले असते ते मासेही पुष्कळदा दगावतात आणि सहा-आठ महिन्यांचे कष्ट दोन दिवसांत वाया जातात.

हे टाळण्यासाठी एक नियम लक्षात ठेवावा. तळ्यात मासे मेले की प्रथम पाण्याची तपासणी करावी, नंतर माशाची, आणि औषधाचा विचार सर्वांत शेवटी करावा. असे का करावे व कसे करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

आजार कशामुळे होतो?

रोगाचे जिवाणू, बुरशी व परोपजीवी प्राणी बहुतेक तळ्यांत कमी-अधिक प्रमाणात असतातच. निरोगी माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो ढालीसारखे काम करतो. गर्दी, कुजलेले खाद्य, प्राणवायूची कमतरता, तापमानातील एकदम बदल किंवा जाळ्यात झालेली इजा यांमुळे मासा अशक्त होतो, हा थर निघतो आणि रोगाला वाट मिळते. म्हणजे रोगजंतू हे निमित्त असते, मूळ कारण पुष्कळदा पाण्यात असते. पाणी तसेच ठेवून केवळ औषध दिले तर रोग पुन्हा येतो.

मरतूक तीन प्रकारची असते

पुढील तीन प्रकारांतील फरक ओळखता आला तर निम्मे काम झाले.

१) प्राणवायूअभावी होणारी मरतूक : ही पहाटे होते. मरण्यापूर्वी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. सर्व जातींच्या माशांना एकाच वेळी त्रास होतो व मोठे मासे बहुधा आधी मरतात. गोगलगायी काठाकडे सरकतात. ऊन वर आल्यावर वाचलेले मासे पुन्हा खाली जातात.

२) विषबाधेने होणारी मरतूक : ही दिवसाच्या कोणत्याही वेळी होते. मासे सैरावैरा पळतात, गिरक्या घेतात, काठावर आपटतात. लहान मासे आधी मरतात. त्यांच्याबरोबर पाण्यातील किडे, बेडकांची पिल्ले हेही मेलेले आढळतात. आदल्या एक-दोन दिवसांत जवळच्या पिकावर फवारणी झाली होती का, पाऊस होऊन बांधावरचे पाणी तळ्यात आले का, कोणी फवारणी पंप तळ्यावर धुतला का, याची चौकशी करावी. सायपरमेथ्रीनसारखी कीटकनाशके अगदी थोड्या प्रमाणातही माशांना घातक ठरतात.

३) रोगाने होणारी मरतूक : ही हळूहळू वाढते. पहिल्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी पाच, असा क्रम असतो. बहुधा एखाद्या जातीत किंवा एका आकाराच्या माशांत ती अधिक दिसते. अंगावर व्रण, सुटलेले खवले, कापसासारखे पुंजके किंवा उवा आढळतात. मासे खाद्य सोडतात, काठाला सुस्त पडून राहतात, दगडाला किंवा बांबूला अंग घासतात.

एका रात्रीत शेकडो मासे मेले व अंगावर एकही खूण नसेल, तर तो रोग असण्याची शक्यता फार कमी असते. तेथे औषधाचा उपयोग नाही.

पहाटेची मरतूक

हिरव्या पाण्यातील सूक्ष्म शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते. रात्री मात्र तेच शेवाळ, मासे आणि तळाचा कुजणारा गाळ हे सर्व मिळून प्राणवायू वापरतात. त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. दोन-तीन दिवस सतत ढगाळ हवा राहिली तर दिवसाची भर पडत नाही आणि रात्रीचा खर्च तेवढाच राहतो. उन्हाळ्यात त्यात भर पडते, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला प्रति लीटर सुमारे ९ मि.ग्रॅ. मावतो, तर ३० अंशाला सुमारे साडेसात मि.ग्रॅ. आपल्या कार्प माशांना ५ मि.ग्रॅ. वा अधिक प्राणवायू चांगला मानवतो. तो ३ मि.ग्रॅ.च्या खाली गेला की ताण सुरू होतो.

मासे तोंड वर काढताना दिसताच पुढील उपाय लगेच करावेत.

- खाद्य, शेण व खते पूर्ण बंद करावीत.
- पंप सुरू करून विहिरीचे किंवा तळ्याचेच पाणी उंचावरून, तुषार पडतील अशा रीतीने तळ्यात सोडावे. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी सरळ नळीने खोलवर सोडू नये, कारण त्यात प्राणवायू कमी असतो. ते हवेतून पडले पाहिजे.
- पंप नसेल तर बांबूने पाणी ढवळावे. मात्र तळाचा गाळ उसळू देऊ नये.
- शक्य असल्यास तळाचे काही पाणी उपसून पिकाला द्यावे व तेवढे ताजे पाणी भरावे.

पाणी किती हिरवे आहे हे पाहण्यासाठी हात कोपरापर्यंत पाण्यात घालावा. तळहात अंधुक दिसला तर हिरवेपणा योग्य आहे. मनगट बुडताच तळहात दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवे झाले आहे, असे समजून खते व खाद्य कमी करावे. हात स्वच्छ दिसला तर पाण्यात नैसर्गिक खाद्य कमी आहे.

चुना : कोठे गुणकारी, कोठे घातक

मासे आजारी दिसले की 'चुना टाका' असा सल्ला हमखास मिळतो. कोकणातील जांभ्या दगडाच्या, आम्लधर्मी जमिनीतील तळ्यांना चुन्याचा खरोखर फायदा होतो. पण मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र व विदर्भातील काळ्या जमिनींचा आणि तेथील अनेक विहिरींच्या पाण्याचा सामू मुळातच ८ च्या आसपास किंवा वर असतो. तेथे सामू न तपासता चुना टाकणे धोक्याचे आहे.

याचे कारण अमोनिया हे आहे. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. त्याचा सर्व भाग विषारी नसतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर त्यातील सुमारे अर्धा टक्काच भाग विषारी स्वरूपात असतो. सामू ८ झाला तर ५ टक्के, आणि ९ झाला तर सुमारे ३६ टक्के. म्हणजे पाण्यातील घाण तेवढीच असूनही सामू वाढला की विष अनेक पटींनी वाढते. गाळ साचलेल्या, गर्द हिरव्या तळ्याचा सामू दुपारी ९ च्या वर जाऊ शकतो. त्यात आणखी चुना पडला तर कल्ले भाजतात आणि मासे मरतात.

म्हणून सामू कागद किंवा साधे मापक जवळ ठेवावे. सकाळी व दुपारी, दोन्ही वेळा सामू पाहावा. तो साडेसातच्या खाली असेल तरच, मासे असलेल्या तळ्यात एका वेळी गुंठ्याला अर्धा ते एक किलो चुना द्यावा. चुना आदल्या दिवशी पाण्यात विरवून, थंड करून, सकाळी सर्वत्र सारखा शिंपडावा. कळीचा चुना कोरडा टाकू नये. सामू साडेआठच्या वर असल्यास चुना अजिबात देऊ नये. खाद्य थांबवून पाणी बदलावे.

नेहमी आढळणारे रोग व उपाय

उवा : ही ऊ चपटी, गोलसर व डोळ्यांनी सहज दिसणारी असते. ती परांच्या बुडाशी व अंगावर चिकटून रक्त शोषते. मासे उड्या मारतात, अंग घासतात. तिने केलेल्या जखमेतून पुढे इतर रोग शिरतात. ऊ आपली अंडी पाण्यातील टणक वस्तूंवर घालते. याचाच फायदा घ्यावा. तळ्यात ठिकठिकाणी बांबूच्या चटया किंवा फळ्या उभ्या सोडाव्यात व दर चार-पाच दिवसांनी त्या बाहेर काढून कडक उन्हात पूर्ण वाळवून पुन्हा टाकाव्यात. अंडी वाळून मरतात. हा क्रम महिना-दीड महिना न चुकता चालू ठेवावा.

अंकुश कृमी : माशाच्या अंगातून बारीक दोऱ्यासारखा भाग लोंबताना दिसतो व त्याभोवती लाल डाग असतो. डोके मांसात रुतलेले असल्याने औषधाने मोठी कृमी सहसा सुटत नाही. मासे थोडे असतील तर चिमट्याने कृमी काढून नंतर मिठाच्या पाण्याची बुडवण द्यावी. प्रादुर्भाव मोठा असल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय औषध देऊ नये.

कापसासारखी बुरशी : जाळे लागून किंवा हाताळणीत जखम झाल्यावर, विशेषतः थंडीत, जखमेवर पांढरे पुंजके दिसतात. यावर मिठाची बुडवण उपयोगी पडते.

पर व शेपटी सडणे : कडा पांढुरक्या होऊन पर झिजतात. हा जिवाणूंचा रोग असून पाणी घाण झाल्याचे ते लक्षण आहे. गर्दी कमी करावी, पाणी बदलावे व बाधित माशांना मिठाची बुडवण द्यावी.

जलोदर : पोट पाण्याने फुगते, खवले उभे राहतात, डोळे बाहेर येतात. या अवस्थेत मासा सहसा वाचत नाही. असे मासे ताबडतोब काढून पुरावेत व उरलेल्यांसाठी पाणी सुधारावे.

लाल व्रणाचा रोग : प्रथम अंगावर लाल ठिपके, नंतर खोल व्रण पडतात व मांस उघडे पडते. हा रोग १९८८ मध्ये भारतात ईशान्येकडील राज्यांत व पश्चिम बंगालमध्ये शिरला आणि नंतर इतर राज्यांत पसरला. त्याचे मूळ ॲफॅनोमायसिस इन्व्हाडन्स या बुरशीसारख्या जीवात आहे. पाणी थंड होऊ लागले की हा रोग डोके वर काढतो, म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर सावध राहावे. मरळ या रोगाला लवकर बळी पडतो. सायप्रिनस व तिलापिया बऱ्याच अंशी तग धरतात. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने (सिफा) यासाठी 'सिफॅक्स' हे औषध तयार केले. त्याची मात्रा एक हेक्टर क्षेत्र व एक मीटर खोली एवढ्या पाण्याला, म्हणजे १०,००० घनमीटरला, १ लीटर आहे. औषध भरपूर पाण्यात मिसळून सर्वत्र शिंपडावे.

मिठाची बुडवण : १० लीटर तळ्याच्या पाण्यात ३०० ग्रॅम साधे खडे मीठ विरघळवावे. बोटुकलीसाठी २०० ग्रॅम पुरे. थोडे थोडे मासे जाळीत घेऊन एक ते दोन मिनिटे बुडवावेत. लक्ष सतत माशांवर असावे. मासा कलंडू लागताच वेळ न पाहता त्याला ताज्या पाण्यात सोडावे. प्रथम दोन-तीन माशांवर प्रयोग करून मगच पुढे जावे.

औषधाचा हिशेब पाण्यावर करावा

पिकाला आपण एकरी मात्रा देतो. तळ्याला मात्रा द्यायची ती पाण्याच्या आकारमानावर. लांबी, रुंदी व सरासरी खोली मीटरमध्ये घेऊन गुणाकार करावा, म्हणजे घनमीटर मिळतात. शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात, त्यामुळे खोदाईची खोली धरू नये. खुणा केलेला बांबू आठ-दहा ठिकाणी बुडवून सरासरी काढावी.

उदाहरणार्थ, पाण्याचा पृष्ठभाग २० मीटर × १५ मीटर व सरासरी खोली दीड मीटर असल्यास पाणी ४५० घनमीटर होते. पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे विहिरीत टाकतात ते जांभळे दाणे, तळ्यासाठी दशलक्ष भागास २ भाग, म्हणजे एका घनमीटरला २ ग्रॅम द्यावयाचे असल्यास ९०० ग्रॅम लागेल. तळे ३ मीटर खोल खोदले म्हणून तीच खोली धरली तर १,८०० ग्रॅम पडेल, म्हणजे मात्रा दुप्पट होईल. वरील तळ्याला सिफॅक्स द्यावयाचे झाल्यास ४५ मि.ली. पुरते.

परमँगनेट बाहेरील जिवाणू व बुरशीवर उपयोगी आहे. पण ते शेवाळही मारते व मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू खाते. म्हणून ते निरभ्र दिवशी सकाळी, बादलीत पूर्ण विरघळवून द्यावे. ढगाळ हवेत किंवा मासे तोंड वर काढत असताना देऊ नये. पंप तयार ठेवावा. फॉर्मालिनबरोबर ते कधीही मिसळू नये.

ही औषधे वापरू नयेत

जुन्या पुस्तिकांत व ऐकीव सल्ल्यांत काही औषधांची नावे अजून आढळतात. उवांसाठी सांगितले जाणारे गॅमॅक्झीन (लिंडेन) व डायक्लोरव्हॉस यांच्यावर आता बंदी आहे. डायक्लोरव्हॉस व ट्रायक्लोरफॉन ही दोन्ही कीटकनाशके ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झाली. बुरशीसाठी वापरले जाणारे मॅलॅकाइट ग्रीन माशाच्या मांसात राहते. खाण्याच्या माशांसाठी त्याला परवानगी नाही. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान गटातील औषधेही निषिद्ध आहेत.

प्रतिजैविकाची पुडी तळ्यात विरघळवणे हे तर पैसे पाण्यात टाकणेच होय. एवढ्या पाण्यात औषध इतके पातळ होते की रोग बरा होत नाही, उलट जिवाणूंना त्याची सवय होते. ते खाद्यातून द्यावे म्हटले तरी जास्त आजारी मासा खात नाही. म्हणून रोगाचे निदान होऊन तज्ज्ञांनी लिहून दिले तरच प्रतिजैविक द्यावे व त्यांनी सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत मासा विकू नये, घरीही खाऊ नये. शेततळ्याचे पाणी जनावरे पितात, पिकाला जाते, हेही विसरू नये.

रोग येऊच नये म्हणून

१) बीज : खात्रीच्या केंद्रातून, चपळ व एकसारख्या आकाराची बोटुकली घ्यावी. पिशवी १५ ते २० मिनिटे तळ्यात तरंगत ठेवून, तळ्याचे पाणी थोडे थोडे मिसळून, सकाळी किंवा सायंकाळी बीज सोडावे. पिशवीतील पाणी तळ्यात ओतू नये.

२) संख्या : हवा मिसळणारे यंत्र नसेल तर हेक्टरी ५,००० ते ८,०००, म्हणजे गुंठ्याला ५० ते ८० बोटुकलीपेक्षा अधिक सोडू नये. बीज स्वस्त मिळाले म्हणून गर्दी करू नये. उन्हाळ्यात पाणी उतरू लागले की मोठे मासे वेळीच विकावेत.

३) खाद्य : शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा समप्रमाणात घेऊन माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के द्यावा. खाद्य पसरून न टाकता टोपलीत किंवा छिद्रे पाडलेल्या पोत्यात टांगावे. दोन तासांनी ते उरले तर दुसऱ्या दिवशी कमी करावे. खाद्य उरणे हे आजाराचे सर्वांत पहिले लक्षण आहे. ढगाळ दिवशी खाद्य निम्मे करावे किंवा बंद ठेवावे.

४) तळाची घाण : प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यात विष्ठा व खाद्य मध्यभागी साचते. पिकाला पाणी देताना पंपाची चूषण नळी तळाशी ठेवावी. घाण पाणी निघते व पिकाला खतही मिळते.

५) जाळी व अवजारे : दुसऱ्याच्या तळ्यात वापरलेले जाळे धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय आपल्या तळ्यात घालू नये.

६) फवारणी : वाऱ्याची दिशा पाहून फवारावे. पंप व बादल्या तळ्यावर धुऊ नयेत. बांधाचे पाणी तळ्यात येणार नाही असा चर काढावा.

७) पाहणी : दररोज पहाटे एक फेरी मारावी. महिन्यातून एकदा जाळे टाकून दहा-वीस मासे तपासावेत. कल्ले लालभडक, अंग बुळबुळीत व खवले घट्ट असावेत. वहीत तारीख, हवा, सामू, खाद्य व मरतूक लिहावी.

मेलेले मासे रोज काढून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. ओढ्यात किंवा दुसऱ्या विहिरीत फेकू नयेत. प्लॅस्टिकचे तळे निसरडे असते. मासे काढण्यासाठी एकट्याने तळ्यात उतरू नये. काठावरूनच लांब दांड्याची जाळी वापरावी. बांधलेला दोर व हवा भरलेली ट्यूब नेहमी हाताशी ठेवावी.

नमुना कसा न्यावा?

मेलेला मासा लवकर कुजतो, त्यावरून निदान होत नाही. लक्षणे दिसणारे दोन-तीन जिवंत मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत न्यावेत. सोबत काठोकाठ भरलेली पाण्याची स्वच्छ बाटली व आपली नोंदवही घ्यावी. जवळचे कृषी विज्ञान केंद्र, जिल्ह्याचे मत्स्यव्यवसाय कार्यालय, तसेच शिरगाव (रत्नागिरी), नागपूर व उदगीर येथील मत्स्य महाविद्यालये येथे मार्गदर्शन मिळू शकते. मरतूक सुरू झाल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा तेथील दूरध्वनी क्रमांक आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

सारांश, पहाटेची फेरी, हाताने पाहिलेला पाण्याचा हिरवेपणा, सामूचा कागद आणि एक वही एवढ्या साधनांवर बहुतेक नुकसान टाळता येते. यांतील एकही वस्तू महाग नाही. बीज सोडण्यापूर्वीच ही तयारी केल्यास औषधावरील खर्च वाचेल आणि निरोगी, विषमुक्त मासा बाजारात जाईल.